मी काच तपासली

माझ्या दुकानात पाऊल टाकणारी माणसं एका गोष्टीबद्दल हमखास खोटं बोलतात. "लांबचं मला अगदी स्वच्छ दिसतं, फक्त वाचताना जरा त्रास होतो," असं म्हणतात आणि जाताना उंबऱ्याला अडखळतात. वीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवते, त्याआधी बाबा चालवायचे, आणि या वाक्यावर आम्ही दोघांनीही कधी विश्वास ठेवला नाही. पुढारी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हे वाक्य म्हटलं नाही. ते म्हणाले, "ताई, मला पाणी दिसत नाही."

"पाणी दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे पाणीच दिसतं. पाण्याखालचं दिसत नाही."

त्यांना पुढारी का म्हणत ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुमच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहील. कुठल्याही पक्षाशी त्यांचा संबंध नव्हता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची. दोघा भावांची मिळून एक होडी होती. धाकटा मागे इंजिनपाशी बसायचा आणि हे पुढच्या फळीवर उभे राहायचे, अनवाणी, एक हात वर करून. म्हणून पुढारी. धाकट्याचीही पन्नाशी उलटली होती, तरी सगळा धक्का त्याला धाकटाच म्हणायचा.

आमची खाडी उथळ आहे आणि खडकांनी भरलेली आहे. मासा त्या खडकांच्या मधल्या गल्ल्यांतच सापडतो, त्यामुळे पुढे उभ्या राहणाऱ्याला दोन कामं असतात. मासा शोधायचा आणि होडी फुटू द्यायची नाही. "डावं", "उजवं", "थांब" आणि "साफ" एवढ्या चार शब्दांवर पुढाऱ्यांनी चाळीस वर्षं होडी चालवली. मागच्या धाकट्याला पुढचं काहीच दिसत नसे, तो फक्त ऐकायचा. भावाच्या तोंडून शब्द निघाला की याचा हात वळायचा, मध्ये विचार करायला सवडच नसायची. पुढाऱ्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणते, ती सांगायची की घरीसुद्धा तीच तऱ्हा. चहा ओतायला लागलं की "थांब". पाहुणे गेले की "साफ". "लग्नाला तीस वर्षं झाली," वहिनी म्हणायची, "आणि यांच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलं की मला वाटतं यांना ताप आलाय."

त्या वर्षी मात्र होडी दोनदा खडकाला घासली होती. दुपारचं ऊन पाण्यावर पडलं की पुढाऱ्यांना नुसता पांढरा पत्रा दिसायचा. टोपी खाली ओढून, हाताची सावली करून ते वेळ निभावत होते, पण साठीला टेकलेल्या डोळ्यांना चकाकी सोसवत नव्हती. धाकट्यानं गाजावाजा न करता एक यंत्र आणून होडीत बसवलं. त्याच्या स्क्रीनवर खाली पाणी किती आहे ते दिसतं, खडक दिसतो, माशांचा थवासुद्धा दिसतो म्हणे. हे सांगताना पुढाऱ्यांचा आवाज चिरका झाला.

"आता टीव्ही सांगणार खडक कुठे आहे ते. आणि मी? मी पुढे उभा राहून वारा खाऊ?"

म्हणजे त्यांना चष्मा नको होता, फळीवरची जागा हवी होती. ती टिकवून देईल असा चष्मा मी द्यायचा होता. मला ते पटलं आणि खरं सांगायचं तर चढलंही. असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

गॉगल घ्यायला आलेला माणूस सरळ आरशाकडे जातो. मी त्यांना आरशाकडे फिरकू दिलं नाही. आधी खुर्चीत बसवून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली, दोन्ही डोळ्यांनी. मग मी प्रश्न सुरू केले. किती वाजता निघता? परत किती वाजता येता? पाणी किती खोल? तळाला वाळू की चिखल? आभाळ भरलेलं असलं तरी जाता का?

"ताई," पुढारी म्हणाले, "चष्मा विकताय की स्थळ बघताय?"

"स्थळ बघताना लोक एवढं विचारत नाहीत," मी म्हटलं.

मग मी कपाटातून ट्रे काढला आणि माझं आवडतं व्याख्यान दिलं. साधी काळी काच सगळाच उजेड कमी करते, त्यात पाण्याखालचंही बुडतं. पोलराइज्ड काच पाण्यावरून आडवी उसळून येणारी चकाकी तेवढी अडवते आणि बाकीचा उजेड आत सोडते. राखाडी रंगाची काच खोल समुद्रावरच्या कडक उन्हाला बरी. पिवळट काच सकाळच्या मंद उजेडाची. उथळ पाण्याला तपकिरी हवी, कारण वाळू, शेवाळ आणि माशाची पाठ यांतला फरक ती उठून दाखवते. आरशासारखी चकचकीत काच फोटो काढून घेणाऱ्यांची, तिला हात लावायचं कारण नाही. आणि खरी पोलराइज्ड काच ओळखायची कशी, तेही मी करून दाखवलं. मोबाईलची स्क्रीन सुरू करायची, तिच्यासमोर चष्मा धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. काच खरी असेल तर एका जागी स्क्रीन काळीकुट्ट होते. नकली काचेतून ती कुठूनही तशीच दिसते. पुढाऱ्यांनी स्वतः तीनदा फिरवून पाहिलं आणि तीनदा मान डोलावली.

दुकानापासून धक्का दोन मिनिटांवर आहे. दुकानात बसून पाण्याचा चष्मा निवडणं मला पटत नाही, म्हणून पाच चष्मे ट्रेमध्ये घालून मी त्यांच्याबरोबर गेले. भर दुपार होती. त्यांनी राखाडी लावून पाहिला, काढला. दुसरा राखाडी लावला, काढला. मग तपकिरी लावला आणि ते पाण्याकडे बघतच राहिले. मी विचारलं, "काय दिसतंय?"

"एक मोडकी खुर्ची आहे. दोन खेकडे आहेत. आणि ती चप्पल माझी आहे. गेल्या वर्षीची."

मी हसले, पण ते हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, "इतकं सगळं खाली होतं आणि मला वाटत होतं की मीच संपलो." वहिनीला हे वाक्य सांगितलं असतं तर तिनं खरोखर ताप बघितला असता.

मी त्यांना कडेनं बंद असलेली, रुंद काड्यांची फ्रेम दिली, म्हणजे बाजूनंही उजेड आत येऊ नये. आणि देताना बजावलं, "एक लक्षात ठेवा दादा. हा घालून तुम्ही त्या यंत्राकडे मान वाकडी करून पाहिलंत तर स्क्रीन काळी दिसेल. मोबाईलची झाली तशीच. घाबरायचं नाही. तो डोळ्याचा दोष नाही, काचेचा गुण आहे."

"काचेचा गुण," त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

पुढचे आठ महिने माझे फार सुखात गेले. पुढारी भर दुपारी उन्हात होडी अशा गल्ल्यांतून काढायचे की धाकट्यानं यंत्रावर फडकं टाकून ठेवलं. धक्क्यावरचा जो तो दुकानात येऊन "पुढाऱ्यांसारखा द्या" म्हणू लागला. पुढारी तो चष्मा बाजारात घालायचे, दाराशी बसताना घालायचे, पावसाळी हवेतही घालायचे. वहिनी म्हणाली, "हे आता माझ्याकडे बघतात तेव्हासुद्धा मला वाटतं मी पाण्याखाली आहे." मला स्वतःचा अभिमान वाटत होता. माझी मान जरा ताठच झाली होती, हे कबूल करायला हवं.

मग एका मंगळवारी दुपारी पुढारी चष्मा हातात घेऊन आले.

"ताई, काच गेली."

"गेली म्हणजे?"

"चमकतंय. डाव्या कडेला. काडी ओढल्यासारखं एकदम चमकतं आणि जातं. आणि चिलटं फिरतात समोर, काळी काळी."

आता इथे माझा स्वभाव सांगायला हवा. माल परत घेऊन येणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. बाबांचंही फिरायचं. आमच्या दुकानातली काच वाईट निघाली, असं कुणी म्हणालं की ते मला माझ्या आईला नावं ठेवल्यासारखं लागतं. मी तो चष्मा त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. मऊ कापडानं पुसला. मोबाईलसमोर धरून फिरवला, स्क्रीन काळीकुट्ट झाली. कपाटातला कोरा चष्मा काढून त्याच्या काचेवर ही काच आडवी धरली, दोन्ही मिळून काळ्या झाल्या. दिव्याखाली धरून बघितली. दोन बारीक ओरखडे सापडले, तेवढ्यावर मला विजय मिळाल्यासारखं वाटलं.

"ही बघा तुमची चिलटं," मी म्हटलं. "होडीत कुठेतरी घासलाय चष्मा. काच शंभर टक्के खरी आहे. उन्हाची तिरीप एखादवेळी कडेनं आत येत असेल, काड्या जरा आवळून देते."

मी काड्या आवळून दिल्या. पुढाऱ्यांनी चष्मा घातला, क्षणभर थांबले, मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार." आणि गेले.

मी काच तपासली. डोळा तपासला नाही. समोर माणूस उभा होता, त्याचे दोन्ही डोळे माझ्यापासून हातभर अंतरावर होते, आणि मी त्याच्या हातातली वस्तू तपासत बसले. चष्मा काढल्यावरही चमकतं का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर ते हो म्हणाले असते. अचानक चमकायला लागणं, काळे ठिपके फिरणं आणि मग कडेनं काळी सावली सरकत येणं ही डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटत असल्याची लक्षणं आहेत. मी डॉक्टर नाही, पण हे शिकलेली आहे. पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि शिकवताना सांगतात की असा माणूस आला तर त्याला खुर्चीतसुद्धा बसवू नका, तडक डोळ्यांच्या दवाखान्यात धाडा. मला ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

नऊ दिवसांनी ते पुन्हा आले. मी तेव्हा शिडीवर चढून वरच्या कपाटात नव्या फ्रेमा लावत होते. खाली दोन गिऱ्हाइकं थांबली होती. पुढारी दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. परत तक्रार घेऊन आलो याची त्यांना लाज वाटत असावी.

"ताई, खालून काळं येतंय."

"कधी?"

"फडकं उचलून यंत्राकडे बघताना. तसं इतर वेळीही येतं, पण यंत्राकडे बघताना जास्त."

वाक्याचा मधला तुकडा मी ऐकला. कानांनी ऐकला, मनात घेतला नाही. "दादा, सांगितलं नव्हतं का मी?" शिडीवरूनच मी म्हटलं. "काचेचा गुण!"

"हां हां," पुढारी म्हणाले. "विसरलोच बघा." खालची दोन्ही गिऱ्हाइकं हसली, पुढारीही हसले, मीही हसले.

चौथ्या दिवशी सकाळी होडी फुटली.

ते कसं झालं, हे मी धक्क्यावर ऐकलं. नेहमीची गल्ली होती. पुढाऱ्यांनी हात वर केला आणि "साफ" म्हणाले. धाकट्यानं वेग वाढवला. डाव्या अंगाला पाण्यात बुडालेला खडक होता, पुढाऱ्यांना लहानपणापासून माहीत असलेला. फक्त आपण त्याच्या किती जवळ आलोय ते त्यांना कळलं नाही. होडीची डावी बाजू उभी चिरली. धाकटा इंजिनावर आपटला आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. दुसऱ्या एका होडीनं दोघांना ओढत धक्क्यावर आणलं. तिथं, धड श्वासही घेता येत नसताना, सगळ्या माणसांसमोर धाकटा भावावर ओरडला.

"दिसत नव्हतं तर बाजूला व्हायचं होतंस! यंत्र होतं ना! चाळीस वर्षं तुझ्या शब्दावर डोळे मिटून इंजिन चालवलं मी. तुला नुसती पुढे उभं राहायची हौस. त्या हौसेपायी माझा जीव घेतला असतास!"

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. एकाच अंगणात दोन घरं, मध्ये कपडे वाळत घालायची दोरी, आणि दोरीच्या अलीकडचा पलीकडच्याकडे बघेना. धक्क्यावर कुणीतरी पुडी सोडली की पुढारी हल्ली घेतात. मग तर सगळ्यांना सगळं समजलं.

वहिनीनं नवऱ्याला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डाव्या डोळ्याचा पडदा मधोमधपर्यंत सुटला होता. शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर बसला, पण नजर काही परत आली नाही. त्या डोळ्यानं आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. हे सगळं वहिनी माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून मला सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा चमकलं तेव्हाच आला असतात तर बसल्या बसल्या काम झालं असतं. पण यांनी कुणाला सांगितलंच नाही हो. मनातल्या मनात ठेवलं. असा कसा माणूस?" आणि ती रडायला लागली.

मी तिला पाणी दिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि गप्प राहिले.

दोन महिने मी गप्प राहिले. मी काही दगड नाही, मला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं, पण तोंड उघडत नव्हतं. सकाळी उठून ठरवायची की आज जायचं, आणि दुपारी स्वतःला समजावायची की मी गेल्यानं डोळा थोडाच परत येणार आहे. दुकानाचं नाव जाईल, बाबांनी उभं केलेलं दुकान, असंही मनात यायचं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. शेवटी मी गेले ते काही मोठा विवेक जागा झाला म्हणून नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, "पुढाऱ्यांचं ऐकलंत ना? प्यायला लागले आणि डोळा घालवून बसले." आणि मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी मान हलवली. ती हलल्यावर माझी मलाच किळस आली. मी शटर ओढलं आणि त्यांच्या घरी गेले.

पुढारी दाराशी खाली बसून जाळ्याची भोकं विणत होते. दुसऱ्यांची जाळी होती, घरी बसून होईल असं तेवढंच काम आता उरलं होतं. एका डोळ्यानं अंतर चुकत होतं, सुई दोरीच्या अलीकडेच हवेत जात होती, मग ते बोटानं चाचपून पुन्हा घालत होते. वहिनी शेजारी भाजी निवडत होती. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो मंगळवार, ती शिडी, सगळं. "तुम्ही दोनदा आला होतात. मी दोन्ही वेळा तुम्हाला परत पाठवलं. चूक माझी आहे."

वहिनीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग भाजी तशीच टाकून आत गेली.

"मला माहीत आहे," पुढारी म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून होतंय, कुणाला दाखवलं होतं का. तारखा जुळवल्यावर मला कळलं. मी म्हटलं, कुणाला नाही दाखवलं."

"का असं म्हणालात?"

ते जाळ्याकडेच बघत म्हणाले, "तुम्हाला दुकानावर बसायचंय. माझी जागा गेली म्हणून तुमचीही घालवायची का?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण वाट बघत होतो. तुम्ही याल असं वाटत होतं."

मला रडू फुटलं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला, होडीवर करायचे तसाच, आणि माझं तोंड आपोआप बंद झालं.

"मला सांगून काय उपयोग, ताई? माझा डोळा काही त्यानं येत नाही. धाकट्याला सांगा. त्याला वाटतंय मी हट्टापायी त्याला खडकावर घातलं. दिसत नव्हतं आणि लपवलं, असं वाटतंय त्याला. मी लपवलं नव्हतं. मला वाटत होतं काच तशी आहे."

"सांगते. आत्ता त्यांच्या घरी जाऊन सांगते."

"घरी नको. धक्क्यावर सांगा."

त्यांनी मान वर करून उजव्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तो घरात नव्हता बोलला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही धक्क्यावर गेलो. होड्या निघायच्या बेतात होत्या. धाकट्यानं होडी दुरुस्त करून घेतली होती, पण पुढे कुणाला घेतलं नव्हतं. पुढची फळी रिकामी ठेवून, यंत्राकडे बघत, तो हळूहळू एकटाच जायचा. मी होडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पुढारी माझ्या मागे दहा पावलांवर थांबले. मी मोठ्यानं बोलले, म्हणजे मागच्या होडीलाही ऐकू जावं. पुढारी दारू पीत नव्हते. त्यांनी काही लपवलं नाही. ते दोनदा माझ्याकडे आले आणि मी त्यांचा डोळा न बघता चष्मा बघून त्यांना परत पाठवलं.

मग पलीकडच्या होडीतून कुणीतरी म्हणालं, "आणि आम्ही सगळे हिच्याकडून चष्मे घेतो." दुसरा म्हणाला, "म्हणजे काचा विकायच्या, बाकी माणूस मेला तरी चालेल." ते बरोबरच बोलत होते. मी ऐकून घेतलं.

धाकटा इंजिनपाशी उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो माझ्यावर खेकसला, "आता येऊन सांगताय? दोन महिन्यांनी? आणि ह्यानं तरी तुमचं ऐकायचं कशाला? चमकतंय म्हणे! पाण्यावर कुणाला चमकत नाही? आम्हाला सगळ्यांनाच चमकतं!"

"हे पाण्याचं नसतं, भाऊ," मी म्हटलं. "हे डोळ्याच्या आत चमकतं. एका कडेला, कोपऱ्यात. काडी ओढावी तसं. घरात बसलं तरी चमकतं, सावलीत गेलं तरी चमकतं. डोळे मिटून घेतले तरीसुद्धा चमकतं."

तो पुढे काहीतरी बोलणार होता. ते त्यानं गिळलं.

"मिटल्यावरही?" त्यानं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"मिटल्यावरही."

धाकट्यानं डोळे मिटले. सगळ्यांसमोर, चालू इंजिनपाशी, तो डोळे मिटून उभा राहिला आणि त्यानं मान हळूच डावीकडून उजवीकडे फिरवली. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे बघत होता.

"उजव्या बाजूला आहे," तो म्हणाला. "शनिवारपासून. मला वाटलं, ऊन असेल."

पुढारी मला मागे टाकून पुढे गेले. अंदाज चुकून त्यांचा पाय होडीच्या काठाला लागला, तरी ते थांबले नाहीत. आत उतरून त्यांनी चाचपत इंजिन बंद केलं आणि भावाचा दंड धरला. दोन महिन्यांत त्याच्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

"होडी राहू दे. तू आधी खाली उतर." मग माझ्याकडे वळून ते ओरडले, "ताई, बघत काय उभ्या राहिलात? गाडी काढा!"

मी दुकानाकडे गाडी आणायला पळाले.